४२३ कमोड आणि अर्धा बार निर्वात: अमेरिकी अणुशक्तीच्या विमानवाहू जहाजांवरील मलवाहिनीचे एक प्रकरण

अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाविषयी लिहिताना चर्चा बहुधा अणुभट्टी, कॅटापल्ट (विमानाला उड्डाणासाठी जोराने पुढे फेकणारे यंत्र) आणि लढाऊ विमाने यांपाशीच थांबते. हे प्रकरण आहे संडासांचे. ‘यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ (सीव्हीएन-७७) हे निमिट्झ वर्गातले शेवटचे जहाज १० जानेवारी २००९ रोजी अमेरिकी नौदलात दाखल झाले. आधीच्या नऊ भावंडांपेक्षा त्यात एक मोठा फरक होता, तो म्हणजे मैला वाहून नेण्यासाठी बसवलेली निर्वात यंत्रणा. विमानात बटण दाबल्यावर ‘सप्प’ आवाज करून सगळे ओढून नेते तेच तत्त्व इथे पाच हजार माणसांसाठी वापरले होते. पुढच्या पिढीच्या ‘यूएसएस जेराल्ड आर. फोर्ड’वरही (सीव्हीएन-७८, दाखल २२ जुलै २०१७) याच प्रकारची यंत्रणा आली. अडचणी दोन्हीकडे आल्या आणि त्यांची मुळे जहाजाच्या आराखड्यातच होती.

काय घडले

‘बुश’ची पहिली लांब मोहीम मे ते डिसेंबर २०११ अशी चालली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बातम्या बाहेर आल्या. जहाजावर १३० स्वच्छतागृहे आणि त्यांत मिळून ४२३ कमोड. किमान दोन वेळा ही यंत्रणा संपूर्ण बंद पडली, म्हणजे ४२३ पैकी एकही कमोड चालेना. जहाजाचा पुढचा किंवा मागचा अर्धा भाग बंद पडण्याचे प्रसंग त्याहून बरेच जास्त होते, आणि सुटी स्वच्छतागृहे बंद असणे तर नेहमीचेच. एका प्रसंगी दुरुस्ती पथक यंत्रणा पूर्ववत करण्यासाठी सलग ३५ तास राबत होते. चालू संडास शोधत मजले चढावे-उतरावे लागतात, लोक पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात, अशा तक्रारी नौसैनिकांच्या घरच्यांकडून आल्या. नौदलाने दोष मुख्यतः वापरणाऱ्यांवर टाकला: कमोडमध्ये कपडे, सॅनिटरी पॅड असल्या नको त्या वस्तू टाकल्या जातात म्हणून पाइप तुंबतात.

हे खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळाने, मार्च २०२० मध्ये, अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने (जीएओ) नौदलाच्या जहाजबांधणीवर अहवाल दिला. ‘बुश’ आणि ‘फोर्ड’ या दोन्ही जहाजांवर पाइप अनपेक्षितपणे आणि वारंवार तुंबतात, त्यामुळे संपूर्ण मलवाहिनी ठरावीक काळाने ॲसिडने धुवावी लागणार आहे आणि अशा एका धुण्याचा खर्च सुमारे ४ लाख डॉलर आहे, असे त्यात म्हटले होते. किती वर्षांनी आणि किती जहाजांवर हे करावे लागेल, ते नौदलाने तोवर ठरवलेले नव्हते. सकाळी पुष्कळ जण एकाच वेळी फ्लश करतात तेव्हा अरुंद पाइपांत ओढ पुरत नाही, असेही या कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितले. नुसती ‘लोक काहीही टाकतात’ एवढीच तक्रार असती तर ॲसिडची गरजच नव्हती. ॲसिडने मोजा विरघळत नाही.

आधी काय होते, आणि बदलले का

निमिट्झ वर्गातल्या जुन्या जहाजांची पद्धत साधी होती. फ्लशला समुद्राचे पाणी, खाली नेणारे गुरुत्वाकर्षण, तळाकडे टाक्या आणि टाक्यांतून बाहेर फेकणारे पंप. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत मैला समुद्रात सोडायला अमेरिकी कायद्याने बंदी आहे, म्हणून तेवढ्या वेळापुरता तो टाकीत साठवतात. बंदराला लागल्यावर होज जोडून किनाऱ्यावरच्या गटारात सोडतात. अशा टाक्यांच्या आराखड्यात साधारण १२ तासांचा साठा हे उद्दिष्ट धरलेले असते.

पाण्याचा हिशेब इथे करून पाहण्यासारखा आहे. जहाजाचे कर्मचारी आणि विमानदलाची माणसे मिळून ५,००० धरू, माणशी दिवसाला सहा फ्लश, म्हणजे ३०,००० फ्लश. गुरुत्वाकर्षणाच्या कमोडला दर वेळी १५ लिटर धरले तर दिवसाचे साडेचार लाख लिटर, म्हणजे बारा तासांत सव्वादोन लाख लिटर. निर्वात कमोडला सव्वा लिटरच्या आसपास पाणी पुरते. सव्वा लिटरने दिवसाचे होतात साधारण ३७,५०० लिटर आणि बारा तासांचे एकोणीस हजारांच्या आत. टाक्यांच्या आकारात बारा पटींचा फरक पडतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण आराखडा करणाऱ्याला मोह का पडला ते त्यातून कळते.

‘पाणी वाचवायचे होते’ हे कारण मात्र अणुशक्तीच्या जहाजाला नीट लागू पडत नाही. निमिट्झ वर्गातले जहाज समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला सुमारे ४ लाख गॅलन, म्हणजे १५ लाख लिटर गोडे पाणी तयार करू शकते. अणुभट्टीची वाफ आहेच, इंधनाची मोजदाद नाही. खरा फायदा वेगळीकडे होता. टाक्या लहान झाल्या. पाइप बारीक झाले आणि म्हणून हलके झाले. उताराची गरज न राहिल्याने ते छतालगत आडवे नेता येतात, थोडे वरही चढवता येतात, त्यामुळे जलरोधक भिंतींत भोके कुठे पाडायची यावर आराखडाकाराचा ताबा राहतो. शिवाय खारे पाणी पाइपांतून गेले तर गंज येणे आलेच. निर्वात यंत्रणेला इतके कमी पाणी लागते की गोडे पाणीही परवडते. कागदावर पाहिले तर सगळे मुद्दे तिच्याच बाजूचे होते.

यंत्रणा चालते कशी

मध्यवर्ती ठिकाणी एक टाकी आणि तिला जोडलेले पंप. काही रचनांत पंप टाकीतलाच द्रव इजेक्टरमधून (वेगवान धारेच्या जोरावर हवा ओढणाऱ्या नळीतून) फिरवून हवा ओढून घेतो, काहींत निर्वात निर्माण करणे, मैला भरडणे आणि तो पुढे ढकलणे ही तिन्ही कामे एकच पंप करतो. पाइपांत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.४ ते ०.५ बार (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेचा दाब) कमी दाब कायम राखला जातो. कमोडच्या तळाशी एक झडप असते. बटण दाबले की तीही निर्वाताच्याच जोरावर दोन-तीन सेकंद उघडते, जरासे पाणी आत येते आणि खोलीतली साठ-एक लिटर हवा भांड्यातला ऐवज घेऊन पाइपात घुसते. झडप मिटते. पाइपात मैल्याचा गोळा तयार होतो, त्याच्या मागे हवेचा दाब आणि पुढे निर्वात, म्हणून तो सरकतो. वाटेत तो विस्कटून तळाशी पसरतो. म्हणून पाइपात ठरावीक अंतरावर मुद्दाम खोलगट वळणे ठेवतात, म्हणजे तिथे तो पुन्हा जमतो आणि पुढच्या फ्लशबरोबर पुढे जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. अर्धा बार निर्वात सिद्धांताने पाण्याचा स्तंभ पाच मीटर उचलू शकतो, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. म्हणजे चढावाची शिल्लक तुटपुंजी असते आणि प्रत्येक वळण त्यातला थोडा वाटा खाते. दुसरे असे की, पाइप जाड करून प्रश्न सुटत नाही. व्यास फार वाढवला तर गोळा पाइप भरून धरत नाही, हवा त्याच्या डोक्यावरून निघून जाते आणि मैला जागच्या जागी बसतो. ‘जाड पाइप टाकायचे होते’ असे काठावरून म्हणणे सोपे असते. खरे तर शाखा वाढवायच्या, प्रत्येक शाखेवर कमी कमोड ठेवायचे आणि पंपांची क्षमता गर्दीच्या वेळेनुसार ठरवायची असा तो मामला आहे.

गर्दीची वेळ म्हणजे काय, तेही पाहू. विमानवाहू जहाजावर काम बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालते. पाळी बदलताना एक लोंढा उठतो आणि दुसरा झोपायला जातो. निम्मी माणसे, म्हणजे २,५०० जण, तासाभरात एकेकदा गेले तर मिनिटाला ४२ फ्लश होतात. साठ लिटरने मिनिटाला अडीच हजार लिटर हवा पाइपांत शिरते, आणि तेवढीच पंपांनी बाहेर काढावी लागते. हीच माणसे दिवसभर सारखी विभागली तर हा आकडा कितीतरी खाली येतो. सरासरीवर बेतलेली यंत्रणा सकाळी मान टाकते.

बिघाड कसा पसरतो

गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या पद्धतीत एक कमोड तुंबला तर तेवढाच बंद पडतो. फार तर त्याच्या वरच्या मजल्यावरचे. निर्वातात सगळे एकाच फुफ्फुसावर श्वास घेतात. समजा, एका झडपेत कापडाचा तुकडा अडकला आणि ती पूर्ण मिटली नाही. तिथून हवा सतत आत येऊ लागते. दाबाचे गेज खाली घसरते, पंप न थांबता फिरू लागतात, तरी भरपाई होत नाही. ठरावीक पातळीच्या खाली निर्वात गेला की बाकीच्या कमोडांच्या झडपा उघडतच नाहीत, कारण त्या उघडायलाही निर्वातच लागतो. म्हणजे दोनशे कमोड बंद, आणि त्यांतले एकशे नव्व्याण्णव चांगले. ‘बुश’वर अर्धे जहाज एकदम बंद का पडायचे, त्याचे उत्तर या रचनेत आहे.

त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. फ्लश झाला नाही की तो पुन्हा बटण दाबतो, आणि दुसराही दाबतो. निर्वात परत येतो त्या क्षणी साठलेल्या सगळ्या मागण्या एकदम उघडतात आणि दाब पुन्हा कोसळतो.

दुरुस्तीचे काम हल मेंटेनन्स टेक्निशियन (‘हल’ म्हणजे जहाजाचा सांगाडा) या हुद्द्याच्या नौसैनिकांकडे असते. वेल्डिंग, पाइपकाम आणि मैला अशी तिन्ही कामे त्यांच्याच गळ्यात. बिघाड शोधण्याची रीत सर्वसाधारणपणे अशी. प्रथम निर्वात केंद्रावरचे गेज पाहायचे. गेज पडलेले असेल आणि सगळाच विभाग ढिला असेल तर गळती. गेज नीट असेल आणि फक्त एका शाखेचे कमोड ओढत नसतील तर त्या शाखेत अडथळा. हा फरक आधी न करता लोक थेट पाइपात तुंबा काढायची स्प्रिंग घालायला धावतात आणि तास वाया जातात. गळती असेल तर शाखांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जायचे. ज्या शाखेचा व्हॉल्व्ह मिटताच गेज वर येते, गळती तिच्यात. मग त्या शाखेतल्या एकेका स्वच्छतागृहात जाऊन सूं-सूं आवाज ऐकायचा, कमोडची झडप, बटणाचा नियंत्रक, त्याच्या बारीक नळ्या आणि उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह तपासायचा. नियंत्रकात ओल किंवा घाण शिरली तर तो झडप उघडीच ठेवतो. बाहेरून कमोड अगदी स्वच्छ दिसत असतो.

अडथळा असेल तर सफाईचे तोंड शोधायचे. ते कधी कधी दुसऱ्याच खोलीच्या छतात, केबलच्या जुडग्यांमागे असते. उघडताना हायड्रोजन सल्फाइडची काळजी घ्यावी लागते. मैला हवेविना कुजला की हा वायू तयार होतो, सडक्या अंड्यांचा वास सुरुवातीला येतो आणि मात्रा वाढली की नाकच बधिर होते, म्हणजे वास गेला याचा अर्थ धोका गेला असा होत नाही. वायूमापक लावूनच टाकीच्या किंवा पंपाच्या खोलीत जायचे.

क्षारांचा थर: संथ पण खरा गुन्हेगार

ताजी लघवी किंचित आम्लधर्मी असते. पाइपातले जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, द्रव अल्कधर्मी होतो आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम फॉस्फेट व कार्बोनेटच्या रूपात भिंतीवर बसते. मॅग्नेशियम मिळाले तर स्ट्रुव्हाइट नावाचा कठीण क्षारही बनतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तसाच हा, फक्त वाढीचा वेग जास्त. पंधरा लिटर पाण्यात ही लघवी पातळ होऊन निघून जायची. सव्वा लिटरमध्ये ती दाटच राहते. म्हणजे पाण्याची जी बचत आराखड्याचा गुण म्हणून मांडली गेली, तिनेच थराला खाद्य पुरवले.

पाइप ५० मिलीमीटर आतल्या व्यासाचा धरा. चहूबाजूंनी ५ मिलीमीटर थर चढला की वाट ४० मिलीमीटरची राहते, क्षेत्रफळ मूळच्या ६४ टक्के. १० मिलीमीटर चढला तर वाट ३० मिलीमीटर आणि क्षेत्रफळ ३६ टक्के. त्याशिवाय थराचा पृष्ठभाग खरखरीत असतो. नव्या गुळगुळीत पाइपातून जो ओला कागद किंवा रुमाल सहज गेला असता, तो इथे अडकतो. पथकाला पाइपात रुमाल सापडतो आणि नोंदवहीत कारण लिहिले जाते ‘अयोग्य वस्तू’. थराची नोंद कुठेच होत नाही. २०११ मध्ये दोष नौसैनिकांवर आणि २०२० मध्ये उपाय म्हणून ॲसिड, या दोहोंमधली दरी अशी भरून काढता येते.

ॲसिडने धुण्याचे काम एरवी असे चालते. एक विभाग व्हॉल्व्हने वेगळा काढून रिकामा करतात. सौम्य केलेले ॲसिड त्यात फिरवतात किंवा भिजत ठेवतात आणि मधूनमधून पीएच मोजतात (हा आकडा चढला की आम्लता कमी झाली). थर शिल्लक असेपर्यंत ॲसिड खर्च होत राहते, पीएच चढतो, पुन्हा ॲसिड घालावे लागते. पीएच चढायचा थांबला की थर संपला. कार्बोनेट विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याला बाहेर जायला वाट द्यावी लागते, नाहीतर झाकणे उडतात. सल्फाइड असलेल्या गाळात ॲसिड पडले तर हायड्रोजन सल्फाइड मुक्त होतो, म्हणून आधी पाण्याने भरपूर धुणे टाळता येत नाही. ब्लीचचा आणि ॲसिडचा संबंध येऊ द्यायचा नाही, क्लोरीन वायू होतो. शेवटी ॲसिड निष्प्रभ करून विल्हेवाट, रबरी गास्केटांची तपासणी आणि निर्वात धरतो का याची चाचणी. हे काम चालू असताना त्या विभागातले कमोड बंद. शेकडो मैल पाइपांच्या जहाजावर चार लाख डॉलर लागतात यात नवल नाही.

‘फोर्ड’वर काय बदलले, काय नाही

‘फोर्ड’ वर्गात वीजनिर्मिती निमिट्झच्या जवळपास तिप्पट आहे, जहाजाचा स्वतःचा कर्मचारीवर्ग काहीशे जणांनी कमी आहे, विमानदल धरून साडेचार हजारांच्या आसपास माणसे राहतात. झोपण्याच्या जागा लहान गटांच्या केल्या आहेत आणि स्वच्छतागृह त्यांना लागूनच दिले आहे. जुन्या जहाजांवर टॉवेल गुंडाळून सार्वजनिक गल्लीतून जावे लागे, ती कटकट गेली. पुरुषांसाठीची उभ्याने वापरायची युरिनल काढून टाकली, म्हणजे एखादे दालन पुरुषांकडून स्त्रियांकडे द्यायचे झाले तर पाइपकाम बदलावे लागत नाही. युरिनलचे बारीक पाइप क्षाराने सर्वांत आधी तुंबतात, त्यामुळे ते गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तो सगळा भार कमोडांवर आला. युरिनल असते तर निम्म्याहून अधिक वेळा जे तिथे भागले असते, त्यासाठीही आता निर्वाताचा पूर्ण झटका लागतो.

यंत्रणेचे तत्त्व मात्र तेच राहिले. ‘बुश’च्या तक्रारी २०११ मध्ये जाहीर झाल्या तेव्हा ‘फोर्ड’चे बांधकाम बरेच पुढे गेले होते. जलरोधक भिंतींतून, केबलमार्गांच्या आणि हवेच्या नळांच्या मधून गेलेल्या वाहिन्या तेव्हा बदलायच्या तर जहाजाचे पोट पुन्हा उघडावे लागले असते. मे २०२३ ते जानेवारी २०२४ अशी आठ महिन्यांची मोहीम लांबत गेली, तसा थराला वाढायला तेवढा काळ सलग मिळतो, हेही लक्षात घ्यायला हवे. बंदरभेटींच्या भरवशावर आखलेली देखभाल मोहीम लांबली की आपोआप मागे पडते.

खर्च कुणाच्या खात्यात

‘फोर्ड’ वर्गाचे आयुष्य ५० वर्षे धरलेले आहे. वर्षातून एकदाच धुवायचे ठरवले, तर २०२० च्या अहवालातल्या दराने एका जहाजाचे २ कोटी डॉलर होतात. सुमारे १३ अब्ज डॉलरच्या जहाजापुढे ही रक्कम किरकोळ वाटते, आणि म्हणूनच असले दोष खरेदीच्या टप्प्यावर कुणाच्या नजरेत भरत नाहीत. जीएओच्या त्याच अहवालात नौदलाच्या वेगवेगळ्या वर्गांतल्या जहाजांवरचे असे १५० दोष मोजले होते. त्यांपैकी ज्यांच्या दुरुस्तीचा अंदाज उपलब्ध होता अशा केवळ ३० टक्के दोषांसाठी ४.२ अब्ज डॉलर लागतील असे निघाले. जहाज बांधणाऱ्या विभागाच्या खात्यात बचत जमा होते: हलके पाइप, लहान टाक्या. त्याची भरपाई पुढे देखभालीच्या खात्यातून आणि त्याहून जास्त म्हणजे हल टेक्निशियनच्या झोपेतून होते. पस्तीस तास सलग चाललेल्या कामाची किंमत डॉलरच्या रकान्यात कुठेही दिसत नाही.

आता पाइप बदलता येत नाहीत असे गृहीत धरले, तरी बऱ्याच गोष्टी हाताशी आहेत. शाखांवर जास्त व्हॉल्व्ह बसवले की एका झडपेपायी अर्धे जहाज जात नाही. प्रत्येक शाखेवर दाबाचा स्वतंत्र सेन्सर असेल तर गळती शोधायला आवाज ऐकत फिरावे लागत नाही. क्षार सैल करणारे सौम्य रसायन रोज थोडे सोडता येते, म्हणजे मोठ्या ॲसिडची पाळी उशिरा येते. पाळ्या बदलण्याच्या वेळा दालनागणिक अर्ध्या तासाने पुढे-मागे केल्या तर सकाळचा लोंढा विरळ होतो, आणि त्याला पैसाही लागत नाही. सर्वांत स्वस्त उपाय कमोडच्या बाजूला झाकणाची कचरापेटी ठेवण्याचा. ती दर कप्प्यात हवी, दाराबाहेर एक नव्हे, आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहातही हवी, कारण ओले वाइप्स वापरून तेच कमोडमध्ये टाकणाऱ्यांत स्त्री-पुरुष असा भेद नसतो. पेटी रोज रिकामी करण्याचे काम कोणाचे, ते कामवाटपाच्या तक्त्यावर नावानिशी लिहिलेले असावे. भरून वाहणारी पेटी आणि नसलेली पेटी यांत पाइपाच्या दृष्टीने काही फरक नाही.